आधी सभागृहाचा आवाज ऐक

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा मी दोनदा वाचला. बँडच्या सलग दोन रात्रींच्या कार्यक्रमांतून एक लाइव्ह अल्बम आणि एक चित्रपट तयार करण्याची जबाबदारी तुझ्यावर आली, याचा मला मनापासून आनंद झाला. आराखड्यात वाद्यांच्या माइकची यादी चाळीस ओळींची आहे, कॅमेऱ्यांच्या जागा नकाशावर आखल्या आहेत, हार्ड डिस्कचा हिशेबही आहे. सभागृहासाठी मात्र 'प्रेक्षकांचे माइक – २' एवढेच लिहिले आहे. माझे हे सगळे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे, असे समजलास तरी चालेल.

या गाण्यांची स्टुडिओतली नितळ ध्वनिमुद्रणे श्रोत्याकडे आधीपासूनच आहेत. तरीही तो लाइव्ह अल्बम ऐकायला बसतो, कारण त्या रात्री त्या छपराखाली काय घडले हे त्याला हवे असते. वाद्ये कितीही स्वच्छ उमटली आणि सभागृह उमटले नाही, तर त्याच्या हाती जुन्याच गाण्यांची थोडी घाईत वाजवलेली प्रत पडते.

माझ्या उमेदवारीच्या काळात मी एका कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा प्रेक्षकांचे दोन माइक रंगमंचासमोरच्या गर्दीत, स्टँडवर, माणसांच्या डोक्याच्या उंचीला लावले होते. डाव्या माइकपासून हातभर अंतरावर एक गृहस्थ उभे होते. ते रात्रभर टाळ्या वाजवत होते, अगदी जीव ओतून, आणि प्रत्येक वेळी ठेक्याच्या किंचित मागे. मिक्सिंगला बसल्यावर डावा माइक उघडला की बाकी सगळी गर्दी नाहीशी होई आणि ते एकटे गृहस्थ उरत. शेवटी तो माइक टाकून द्यावा लागला, उजव्या माइकचाच आवाज दोन्ही बाजूंना पसरवावा लागला, आणि त्या अल्बमला सभागृहाची रुंदी काही केल्या मिळाली नाही. त्यात दोष त्या गृहस्थांचा नव्हता. माइक कुठे लावायचा हे मला कळत नव्हते.

म्हणून दोनाऐवजी निदान सहा माइक धर. दोन रंगमंचाच्या दोन्ही कडांना, प्रेक्षकांकडे तोंड करून आणि मुख्य स्पीकरकडे पाठ करून; दोन सभागृहाच्या मध्यावर छतापासून टांगून, म्हणजे कोणा एकाची टाळी किंवा शिट्टी सगळ्यांवर स्वार होणार नाही; आणि दोन अगदी मागे, जिथे गाणे भिंतींवर आपटून परतते. टांगण्याची परवानगी सभागृहाच्या व्यवस्थापनाकडून आधीच घे, कारण कार्यक्रमाच्या दिवशी शिडी मिळत नाही असा माझा अनुभव आहे. हे सहा ट्रॅक, म्हणजे सहा माइकची वेगवेगळी ध्वनिमुद्रणे, दारे उघडल्यापासून सभागृह रिकामे होईपर्यंत अखंड चालू ठेव. दिवे मालवण्याआधीची कुजबुज आणि दिवे मालवताच उठणारा पहिला आरव पुन्हा कधीही तयार करता येत नाही. एका गाण्याची टाळी दुसऱ्या गाण्यामागे चिकटवण्याचा मोह तुला होईल, तो आवर. संथ गाण्यानंतर आधी क्षणभर शांतता असते, मग कुठून तरी एक टाळी येते आणि ती रांगांमागून रांगांत पसरत जाते. वेगवान गाण्याची टाळी शेवटचा स्वर विरण्याआधीच त्याच्यावर कोसळते. लक्ष देऊन ऐकणाऱ्याच्या कानाला ही अदलाबदल खटकते, मग कारण त्याला सांगता येवो वा न येवो.

लांबच्या माइकबाबत एक हिशेब पाठ करून ठेव. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्यामुळे रंगमंचापासून ३० मीटरवरच्या माइकला गाणे सुमारे ८७ मिलिसेकंद उशिरा पोहोचते. तो ट्रॅक तसाच मिसळलास तर ड्रमच्या प्रत्येक ठोक्यामागे दुसरा ठोका ऐकू येईल, म्हणून तो तेवढा आधीच्या बाजूला सरकवावा लागतो. तिथले प्रेक्षकही उशिरा पोहोचलेल्या गाण्यावरच टाळी देत असतात, त्यामुळे ट्रॅक सरकवला की त्यांची टाळीही ठेक्यात येऊन बसते. चित्रात मात्र त्यांचे हात उशिराच मिटताना दिसतात. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे फरक दोन फ्रेमचा झाला. मागच्या रांगांचे जवळून घेतलेले दृश्य वापरताना संकलकाने ते दोन फ्रेम आधी ओढले पाहिजे. अल्बम आणि चित्रपट वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांनी केले की अशा गोष्टी सुटतात. तुझ्या ध्वनिमुद्रकाला आणि संकलकाला पहिल्या दिवसापासून एका टेबलाशी बसव.

साठवणुकीची चिंता तू गरजेपेक्षा जास्त केली आहेस. ४८ ट्रॅक, ४८ किलोहर्ट्झ (आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने) आणि २४ बिटने (प्रत्येक नमुन्याची बारकाई) घेतलेस तरी तासाला जेमतेम २५ जीबी लागतात. त्यापेक्षा दोन स्वतंत्र यंत्रांवर एकाच वेळी ध्वनिमुद्रण कर, त्यांचा वीजपुरवठाही वेगळा ठेव, आणि सगळे कॅमेरे व ध्वनियंत्रे एकाच टाइमकोडवर, म्हणजे सर्व यंत्रांत उमटणाऱ्या एकाच घड्याळाच्या वेळेवर, आण. एखादे यंत्र चुकून ४४.१ किलोहर्ट्झवर राहिले, तर तेच ध्वनिमुद्रण दुसरीकडे वेगळ्या वेगाने आणि वेगळ्या सुरात वाजू शकते, आणि हे सहसा कार्यक्रम संपल्यावर उघडकीस येते.

दोन रात्री मिळवल्यास हे उत्तम केलेस. द हू या बँडने अमेरिकेच्या दौऱ्यातल्या फितींचा ढीग ऐकत बसण्यापेक्षा इंग्लंडमध्ये दोन नवे कार्यक्रम ठरवले: १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात आणि दुसऱ्या दिवशी हल शहरात. हलच्या फितींवर सुरुवातीच्या काही गाण्यांत बास गिटार उमटलीच नव्हती. लीड्सच्या फितीवर खरखर होती, तरी अल्बम तिचाच निघाला. ती खरखर चालेल, दुरुस्त करू नये, असे तबकडीच्या लेबलवरच लिहिले होते. पुढे २०१० मध्ये हलचा कार्यक्रम प्रसिद्ध करताना, हरवलेल्या बासच्या जागी लीड्सच्या रात्रीची बास बसवली गेली. दुसरी रात्र अशी चाळीस वर्षांनीही कामी येते. डीप पर्पल या बँडने १९७२ च्या ऑगस्टमध्ये ओसाकात दोन आणि टोकियोत एक अशा तीन रात्री ध्वनिमुद्रित केल्या आणि अल्बममधली बहुतेक गाणी एकट्या १६ ऑगस्टच्या रात्रीतून घेतली. तुझ्याही बाबतीत एक रात्र दुसरीपेक्षा सरस निघेल. तसे झाले तर निम्मी-निम्मी वाटणी करण्याचा हट्ट धरू नकोस. सरस रात्र सलग ठेव आणि दुसरीतून फक्त डागडुजीपुरते घे. त्यासाठी दोन्ही रात्री वादकांचे कपडे, वाद्ये आणि उभे राहण्याच्या जागा त्याच ठेवायला सांग. लेड झेपेलिनने जुलै १९७३ मध्ये न्यूयॉर्कला तीन रात्री चित्रित केल्या, तरी चित्रीकरणात भोके राहिली. ती भरायला पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या एका स्टुडिओत रंगमंच पुन्हा उभारावा लागला, आणि बासवादक जॉन पॉल जोन्सने तोवर केस कापले असल्याने त्याला टोप घालून वाजवावे लागले.

आता कॅमेऱ्यांविषयी. तुझ्या नकाशातले आठही कॅमेरे रंगमंचाकडे रोखलेले आहेत. प्रेक्षक दाखवायचे नाहीत असा तुझा विचार असेल तर मी तो खोडून काढणार नाही. दिग्दर्शक जोनाथन डेमीने १९८३ च्या डिसेंबरमध्ये टॉकिंग हेड्स या बँडचा कार्यक्रम चित्रित केला, तेव्हा शेवटापर्यंत प्रेक्षक जवळजवळ दाखवलेच नाहीत, म्हणजे पाहणाऱ्याने स्वतःच प्रेक्षक व्हावे. पिंक फ्लॉइडने ऑक्टोबर १९७१ मध्ये पॉम्पेईच्या प्राचीन रंगमंडलात एकाही श्रोत्याविना वाजवले आणि तिथले रिकामे दगडी चढच त्या चित्रपटाचे सभागृह झाले. हे दोन्ही विचारपूर्वक घेतलेले निर्णय होते. तुझ्या नकाशात मला निर्णय दिसला नाही, विसर दिसला. एक कॅमेरा ड्रमच्या मागे, जमिनीलगत ठेव, म्हणजे वादकांच्या पाठी आणि त्यांच्यापलीकडे दिव्यांच्या उजेडात उजळून पुन्हा विझणारे चेहरे एकाच चौकटीत येतील. बँडला ते सभागृह जसे दिसते, तसे ते फक्त याच कॅमेऱ्याला दिसेल.

कॅमेरामनना एक सूचना लेखी दे आणि तोंडीही सांग: गाणे संपले म्हणून कॅमेरा खाली करायचा नाही. झांजेचा निनाद विरत असताना गिटारवादक ड्रमवादकाकडे वळून बघतो, त्याच्या भुवया उंचावतात, गायिका माइकपासून मान फिरवून श्वास घेते, कोणीतरी पाण्याच्या बाटलीसाठी हात लांब करतो. गाण्यापेक्षा या आठ-दहा सेकंदांत बँड जास्त उघडा पडतो. आणि सगळ्या कॅमेऱ्यांची कार्डे व बॅटऱ्या एकाच वेळी बदलू नकोस. नोव्हेंबर १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीने 'द बँड' याच नावाच्या बँडचा निरोपाचा कार्यक्रम चित्रित केला, तेव्हा ओळीओळीला कॅमेऱ्याची हालचाल ठरवलेली जाड संहिता तयार होती. तरीही ब्लूज गायक मडी वॉटर्स गायला उभे राहिले तेव्हा छायाचित्रकार लास्लो कोवाच यांचा एकच कॅमेरा चालू होता. बाकीच्यांत नवी फिल्म भरली जात होती. ३५ मिलिमीटरचे हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते, त्यामुळे ते अटळच होते. ते गाणे आज पाहशील तर कॅमेरा गायकावरून हलत नाही, आणि तो हलावा असे वाटतही नाही. संकलनाच्या टेबलावर आठ कॅमेऱ्यांची चित्रे समोर असताना दर दोन सेकंदांनी चित्र बदलण्याची हुक्की येते, तेव्हा हे गाणे आठव.

तू पत्रात सर्वात जास्त शब्द दुरुस्तीवर खर्च केले आहेस: चुकलेला सूर स्टुडिओत पुन्हा गाऊन बसवावा की नाही. या प्रश्नावर मोठमोठ्यांचे वाद झाले आहेत. थिन लिझी या बँडच्या १९७८ च्या गाजलेल्या लाइव्ह अल्बममध्ये नंतर स्टुडिओत किती भरले, यावर निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी आणि बँडमधली माणसे यांचे कधीच जुळले नाही. माझे मत असे की यंत्राने केलेली चूक, म्हणजे तुटलेली केबल किंवा पडलेला माइक, बिनदिक्कत दुरुस्त करावी, आणि शक्यतो दुसऱ्या रात्रीच्या ट्रॅकमधून करावी. माणसाने केलेली चूक मात्र आठवडाभर बाजूला ठेवून, सभागृहाच्या सहा ट्रॅकसह पुन्हा ऐकावी. पुष्कळदा तिच्यामागोमाग गर्दीचा जो प्रतिसाद आलेला असतो, त्यात ती विरघळून जाते. तरीही आवाज बदलायचाच ठरला, तर लक्षात घे की गायिकेच्या माइकमध्ये तिच्यामागच्या झांजा आणि गिटारही शिरलेल्या असतात. तिचा ट्रॅक बंद केलास की त्या झांजांचाही पोत बदलतो आणि ते कडवे एकदम दुसऱ्या खोलीत गेल्यासारखे वाटते. शिवाय चित्रपटात तिचे ओठ दिसणार आहेत. तुझा चित्रपट अशा रीतीने तुझ्या अल्बमवर पहारा ठेवील, आणि ते मला बरेच वाटते.

परवानग्यांचे काम तुझ्या सहकाऱ्यावर सोपव, पण एवढे तपास की दुसऱ्यांनी रचलेली जी दोन गाणी बँड वाजवणार आहे, त्यांची अल्बमसाठी आणि चित्रासोबत वापरण्यासाठी अशी वेगवेगळी परवानगी कार्यक्रमाआधी हातात आली आहे. प्रवेशद्वारावर चित्रीकरणाची ठळक सूचना लाव.

साउंडचेकच्या दिवशी सर्वांच्या आधी पोहोच. रिकाम्या सभागृहात मधोमध उभा राहून एकदा जोरात टाळी वाजव आणि ती किती वेळ घुमते ते ऐक. मग शेवटच्या रांगेत जाऊन तेच कर. गर्दी भरल्यावर ती घुमणी कमी होईल, कारण माणसे आवाज शोषून घेतात, पण माइक कुठे टांगायचे हे ठरवायला तेवढे पुरेल. पहिली रात्र संपली की वाद्यांचे ट्रॅक न उघडता, सभागृहाचे सहा ट्रॅक तेवढे रात्रीच मला पाठव. मी सकाळपर्यंत ऐकून ठेवतो, म्हणजे कोणता माइक हलवायचा हे दुसऱ्या रात्रीच्या आत ठरवता येईल.

तुझा हितचिंतक