चित्रकलेआधी व्हिसाचं बोलू

प्रिय ताई,

न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. अकरावीतल्या लेकीने हैतीत जन्मलेले अमेरिकन चित्रकार दिदिए विल्यम यांची चित्रं पाहिली आणि तेव्हापासून ती इंजिनिअरिंगचं नाव काढू देत नाही. यजमान म्हणतात, "घरदार सोडून इथे आलो, ते हिने लाकूड कोरत बसावं म्हणून?" आणि कला शिकून तिचं पोट भरेल का, हा तुमचा प्रश्न.

गंमत बघा, 2022 मध्ये नॉर्थ मियामीच्या समकालीन कला संग्रहालयात विल्यम यांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्याच्या हैतीयन क्रेओल नावाचा अर्थच 'ते सगळं आम्ही मागे सोडून आलो' असा होता! 1983 मध्ये हैतीची राजधानी पोर्तोप्रिन्सला जन्म, लहानपणीच घरच्यांबरोबर मियामीत. जे मागे राहिलं तेच त्यांच्या लाकडी फलकांवर उमटतं. माणसांच्या अंगभर कोरलेले डोळे असतात आणि ते आपल्याकडेच रोखून बघत असतात. यजमानांना ही चित्रं एकदा निवांत दाखवा.

आता पोटापाण्याचं. बाल्टिमोरच्या कला महाविद्यालयात पदवी, मग 2009 मध्ये येल विद्यापीठातून एमएफए, म्हणजे ललित कलेतली पदव्युत्तर पदवी. तिथून त्या प्रदर्शनापर्यंत 13 वर्षं गेली. या काळात त्यांनी शिकवलंही: आधी फिलाडेल्फियात, नंतर न्यू जर्सीच्याच रटगर्स विद्यापीठात प्रिंटमेकिंग, म्हणजे ठशांवरून चित्रं छापण्याची कला. म्हणजे तुमच्या घरापासून फार तर अर्ध्या तासावर! इथे स्टुडिओ कलेत एमएफए ही सर्वांत वरची पदवी मानतात, तिच्या बळावर कॉलेजात शिकवता येतं. कायमच्या जागा मात्र मोजक्याच असतात. चित्र विकलं गेलं तरी गॅलरी साधारण निम्मे पैसे ठेवते. तेव्हा निव्वळ चित्रांवर घर चालेल हे गृहीत धरू नका. शिकवणं किंवा छापखान्यातलं हातकाम, काहीतरी जोडीला लागतंच.

पण मला खरी काळजी वाटते ती तुम्ही एका ओळीत उरकलेल्या गोष्टीची. तुम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, लेक त्यावर अवलंबून असलेल्या एच-फोरवर. ती 21 वर्षांची झाली की एच-फोर संपतो. तोवर ग्रीन कार्ड हाती नसेल तर एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल. त्यावर पदवीनंतर कामाची परवानगी 12 महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मुलांना त्यावर आणखी 24 महिने मिळतात, चित्रकलेच्या पदवीला नाहीत. कलाकारांसाठी ओ-वन व्हिसा आहे, पण त्याला प्रदर्शनं, लेख असे भक्कम पुरावे लागतात. बाविसाव्या वर्षी ते कुणाकडे असतात?

म्हणून माझं मत: निव्वळ कला महाविद्यालयापेक्षा मोठं विद्यापीठ बघा. तिथे बीएफए, म्हणजे ललित कलेतली पदवी, करताना तंत्रज्ञानाकडे झुकणारा दुसरा विषयही घेता येतो. त्याने ती 24 महिन्यांची मुदतवाढ मिळेल की नाही, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला प्रवेशाआधीच विचारा. ग्रीन कार्डाच्या तारखा वकिलाकडून तपासून घ्या.

आणि लेकीला 'नॅशनल पोर्टफोलिओ डे'ला न्या. अनेक कला महाविद्यालयांचे लोक तिथे मुलांचं काम बघून तोंडावर सांगतात, काय जमलंय नि काय नाही. फोटोवरून काढलेले चेहरे कमी न्या, डोळ्यांसमोर बसवून काढलेली रेखाटनं जास्त. गाडी यजमानांनाच चालवायला सांगा, म्हणजे त्यांनाही ते ऐकावं लागेल.