घोडीची नस धरली असेल तर यंदाचा घाट सोडा

दादा, तुमची पाच वर्षांची घोडी बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारीपुढे, म्हणजे धावत्या बैलांच्या पुढे पळताना डाव्या पुढच्या पायाने लंगडली. आज बारावा दिवस, नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या मागे फुगवटा आहे. गावातले जाणते म्हणतात डाग द्या, म्हणजे तापल्या लोखंडाने भाजा, पंधरा दिवसांत पळेल. चैत्रातली यात्रा दोन महिन्यांवर आलीय, तोवर होईल का, असं तुम्ही विचारलंय. सरळ सांगतो, नाही होणार. आणि कृपा करून डाग देऊ नका.

आधी दुखणं नसेचंच, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या कंडरेचंच आहे ना, ते बघा. पुढच्या पायाची बहुतेक लंगड खुरातून येते: खिळा, खडा, आत धरलेला पू. खूर स्वच्छ करून तळवा दाबून पाहा. मग पाय उचला, गुडघ्यात वाकवा आणि नळीच्या मागची नस दोन बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली या. चांगल्या पायाची नस पिळाच्या दोरीसारखी कडक लागते, कडा स्पष्ट कळते. दुखावलेल्या जागी कडा हरवते, बोटाला मऊ आणि गरम लागतं, आणि तिथं दाबलं की घोडी पाय ओढून घेते. दोन्ही पाय आलटून पालटून तपासा, फरक लगेच कळेल. बाजूने पाहिल्यावर नळीचा मागचा भाग धनुष्यासारखा बाहेर आलेला दिसत असेल, तर शंका ठेवू नका.

भरधाव पळताना एका पुढच्या पायावर अंगाच्या दुपटीहून जास्त भार येतो आणि ही नस स्प्रिंगसारखी ताणली जाते. आपल्याकडे घोडी टेम्पोतून उतरवायची, तासन् तास उन्हात उभी करायची आणि एकदम चढावर सोडायची, अशीच रीत आहे. दहा-बारा सेकंदांच्या बारीसाठी अर्धा तास चालवून अंग मोकळं करणारे फार थोडे. नसेला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती भरतेही सावकाश. आधी कच्चे, वेडेवाकडे धागे तयार होतात. ते ताणाच्या दिशेने सरळ आणि मजबूत व्हायला महिने लागतात. मूळची लवचीकता पूर्ण कधीच परत येत नाही.

म्हणून सोनोग्राफी करून घ्या. बारावा दिवस त्यासाठी चांगला आहे, कारण सुरुवातीच्या दिवसांत आतली इजा वाढत असते आणि लवकर काढलेलं चित्र फसवतं. नसेच्या करड्या गोलात इजेचा काळा ठिपका दिसतो, तो किती टक्के आहे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. शिरवळला आणि परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी फोन करून घोड्याच्या पायाची सोनोग्राफी त्या दिवशी होईल का ते विचारा, उगाच जखमी जनावर हलवू नका.

पाय अजून गरम असेल तर दिवसातून तीनदा, वीस-वीस मिनिटं नळीवर थंड पाण्याची धार धरा. मग पाय कोरडा करून कापसाचा जाड, सारखा थर द्या आणि वर पट्टी बांधा. सुरकुती राहिली किंवा एकाच जागी करकचली तर पट्टीच नवी जखम करते. पट्टी दोन्ही पुढच्या पायांना बांधा, कारण सगळा भार आता चांगल्या पायावर आहे. बिब्बा, गरम लेप, जोरात मालीश, यांतलं काहीही नको. डागाबद्दल सांगायचं तर इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८३ साली मोठा अभ्यास छापला. डाग दिल्याने नस लवकरही भरली नाही आणि मजबूतही झाली नाही. डागलेला घोडा बरा होतो असं वाटतं, कारण डागल्यावर त्याला महिनोन् महिने विश्रांती मिळते. ती विश्रांती त्या मुक्या जिवाला न भाजताही देता येते.

वेदनाशामक डॉक्टरांनी दिलं तरच. डायक्लोफिनॅक नकोच. गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. आणि औषधाच्या जोरावर घोडी नीट चालली की 'बरी झाली' समजू नका.

ही चूक मी केलीय. माझ्या चांदणीची नस धरली तेव्हा सहा आठवड्यांत तिची लंगड गेली. पाचव्या महिन्यात फुगवटा हाताला थंड लागत होता, ती तबेल्यात उड्या मारत होती. मी पुन्हा सोनोग्राफी न करता तिला शेताच्या बांधाकडेने पळवलं. दोनशे पावलांवर तिची मान वर उडाली. दुखरा पाय टेकताना घोड्याची मान अशीच वर जाते, चांगला पाय टेकताना खाली येते. मी खाली उतरलो तेव्हा ती तीन पायांवर उभी होती. त्यानंतर ती कधीच घाटात आली नाही. आज ती माझ्या दारात आहे, पण तो सकाळचा प्रसंग आठवला की अजून पोटात कालवतं.

चालवण्याचा हिशेब डॉक्टर ठरवतील, अंदाज असा: पहिले काही आठवडे बंद जागेत विश्रांती आणि रोज हाताने धरून पाच-दहा मिनिटं, कडक सपाट जमिनीवर, सरळ. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. तिसऱ्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी. चित्र चांगलं असेल तरच पुढे दुडकी चाल, तीही पाच मिनिटांपासून. भरधाव पळणं नऊ ते बारा महिन्यांनी. अजिबात न चालवणंही वाईट, थोड्या ताणाशिवाय धागे सरळ बसत नाहीत. मोकळं रानात सोडणं मात्र सर्वांत घातक.

चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, आजच कमी करा. काम बंद आणि हरभरा चालू, म्हणजे एकतर पोटदुखी होणार किंवा घोडी उभ्या जागी उधळणार. सुकं गवत आणि पाणी भरपूर द्या. नालबंदाला सांगा, खुराचं पुढचं टोक लांब आणि टाच खाली राहिली की नसेवर ताण वाढतो. दर पाच-सहा आठवड्यांनी खूर कापून घ्या.

उद्या सकाळी पट्टी सोडल्यावर फुगवट्याचा घेर शिंप्याच्या फितीने मोजा, चांगल्या पायाचाही त्याच जागी मोजा, आणि तारीख टाकून लिहून ठेवा. दर रविवारी तसंच. सोनोग्राफी झाली की टक्के मला कळवा, मग पहिल्या महिन्याचं चालवणं मिनिटांसकट मांडून देतो.