गावात रेंज नसते, होमस्टेच्या जीमेल-इन्स्टाला ओटीपीऐवजी कुठलं ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरू?

म्हणजे तुमचं असं आहे की गुहागरजवळ होमस्टे, बुकिंग सगळं जीमेल आणि इन्स्टावर, घरात वायफाय चालू असतं पण मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे एसएमएसचा ओटीपी येईपर्यंत लॉगिनची वेळ संपते. आणि आता गूगल, मायक्रोसॉफ्ट, ऑथी यातलं कुठलं घेऊ हा प्रश्न. मी हर्णैला असतो, इकडे पण लाईट गेली की मागोमाग टॉवर पण जातो, आणि २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर आमच्या दापोली तालुक्यात कित्येक दिवस फोन नुसते टॉर्च म्हणून वापरात होते. त्यामुळे एसएमएस सोडताय ते बरोबरच करताय.

आधी एक गोष्ट, कोड बनवण्यात या सगळ्या अ‍ॅपमध्ये काडीचा फरक नाही. क्यूआर स्कॅन केला की एक गुप्त की तुमच्या फोनमध्ये बसते, ती की आणि फोनचं घड्याळ यांचं गणित करून दर ३० सेकंदांनी सहा आकडे तयार होतात, तिकडे गूगल किंवा इन्स्टा तेच गणित करून जुळतंय का बघतात. फोनला बाहेरून काही यावं लागत नाही, एअरप्लेन मोड लावून बघा, कोड येतच राहतो. ही पद्धत २०११ पासून स्टँडर्ड आहे म्हणून एका कंपनीचं अ‍ॅप दुसऱ्याच्या अकाउंटला चालतं. फक्त फोनची तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा, घड्याळ पुढे-मागे झालं की कोड बरोबर टाकला तरी चुकीचा म्हणतं आणि लोक अ‍ॅपला शिव्या घालत बसतात.

मग निवडायचं कशावरून? फोन खाडीत पडला, तर कोड परत कुठून आणणार, एवढंच विचारा. आपल्याकडे पावसात फोन जाणं काही नवीन नाही.

गूगल ऑथेंटिकेटरला एप्रिल २०२३ पासून सिंक आहे, म्हणजे कोडांची प्रत गूगल अकाउंटवर राहते, त्याआधी फोन गेला की कोड गेले. पण तुम्ही ज्या जीमेलला कुलूप लावणार त्याच जीमेलवर कोड सिंक केले तर चावी घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होणार. मायक्रोसॉफ्टचं ऑफिसच्या अकाउंटला ठीक आहे, बाकी त्याचा अँड्रॉइडवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. ऑथी मी तरी नवीन घेणार नाही, फोन नंबरशिवाय चालत नाही, कोड बाहेर काढून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये न्यायची सोय नाही, कॉम्प्युटरवरचं अ‍ॅप २०२४ मध्ये बंद केलं आणि त्याच वर्षी त्यांच्याकडून लोकांचे फोन नंबर पण फुटले.

माझं मत विचाराल तर घरात सगळे अँड्रॉइड असतील तर एजिस (Aegis Authenticator) हे अ‍ॅप. फुकट, ओपन सोर्स (म्हणजे आतला प्रोग्राम कोणालाही तपासता येतो), अकाउंट काढावं लागत नाही, आणि सगळे कोड पासवर्ड लावलेल्या एका फाईलमध्ये काढून पेनड्राइव्हवर ठेवता येतात. आयफोनवर ते नाही, तेव्हा कोणाकडे आयफोन असेल किंवा लॅपटॉपवर पण कोड हवे असतील तर एन्टे ऑथ (Ente Auth) घ्या, तेही ओपन सोर्स आहे आणि सिंक एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे कंपनीलाही तुमचे कोड वाचता येत नाहीत, पण त्याचा पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवायची, तिथे आळस नको. प्ले स्टोअरवर नुसतं ऑथेंटिकेटर सर्च केलंत तर आठवड्याला पैसे मागणारी भलतीच अ‍ॅप वर येतात, त्यामुळे नाव पूर्ण टाकूनच शोधा.

होमस्टे तुम्ही आणि वहिनी दोघं बघत असाल तर सेटअपच्या वेळी स्क्रीनवर क्यूआर असतानाच तो दोन्ही फोनने स्कॅन करा, दोघांकडे तोच कोड येतो, मग तुम्ही बाजारात असलात तरी घरी काम अडत नाही. क्यूआरचा स्क्रीनशॉट मात्र गॅलरीत ठेवू नका. शिवाय गूगल आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं, इन्स्टा पण देतं, एक कोड एकदाच चालतो, ते प्रिंट काढून लॅमिनेट करा (साधा कागद श्रावणापर्यंत बुरशीने जातो) आणि सातबारा ठेवता त्या पेटीत टाका. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या कामातच उरकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि हो, पाहुणा म्हणून किंवा बुकिंग कंपनीतून बोलतोय म्हणून कोणी ते सहा आकडे मागितले तर कुठलंच अ‍ॅप वाचवणार नाही, सांगितलेत की गेलं अकाउंट. बँकेचा ओटीपी मात्र या अ‍ॅपमध्ये सहसा आणता येत नाही, त्यासाठी रेंज शोधत सड्यावर (वरच्या माळावर) जाणं आहेच, आणि व्हॉट्सअ‍ॅपला याचा उपयोग नाही, तिथे सेटिंगमध्ये त्यांचा स्वतःचा सहा आकडी पिन असतो तो लावा.