ऑटोपायलटमुळे अपघात होतात का? आधी विचारा, वेग कोण सांभाळतंय

ऑटोपायलटमुळे विमान अपघात होतात का, या तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. ऑटोपायलटच्या भरवशावर राहून वैमानिक हाताने विमान उडवायला विसरलेत का, अपघात त्यामुळेच होतात का, आणि कॉकपिटमध्ये पुढेमागे एकच वैमानिक ठेवण्याची जी चर्चा चालू आहे तिचं काय. मी बरीच वर्षं एअरलाइनमध्ये उड्डाण केलं आणि नंतर सिम्युलेटरवर इन्स्ट्रक्टर होतो, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘विमान ऑटोपायलटच चालवतो’ हे अर्धसत्य आहे. प्रवासी विमानांचा टेकऑफ आजही हातानेच होतो. लँडिंगही बहुतेक वेळा हातानेच होतं, दाट धुक्यासारख्या परिस्थितीत तेवढं ऑटोलँड वापरतात. पण मधले सगळे तास यंत्राकडे असतात हे खरं. आणि तिथे यंत्र म्हणजे एक गोष्ट नव्हे, दोन. ऑटोपायलट विमानाचं नाक आणि पंख सांभाळतो, ऑटोथ्रॉटल (एअरबसवाले त्याला ऑटोथ्रस्ट म्हणतात) इंजिनांची ताकद सांभाळतो. कुठल्या क्षणी वेग यातला कोण राखतोय, हे चालू असलेल्या मोडवर ठरतं. कधी वेग इंजिनांच्या जोरावर राखला जातो, कधी नाक वरखाली करून. आणि कधी कोणीच राखत नसतं. कितीतरी अपघात या शेवटच्या शक्यतेत झालेत.

१४ फेब्रुवारी १९९०, बंगळुरू. मुंबईहून आलेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-३२०, उड्डाण ६०५, विमान अगदी नवंकोरं. उतरताना ते ‘ओपन डिसेंट’ मोडमध्ये गेलं. या मोडमध्ये इंजिनं आयडलवर, म्हणजे किमान ताकदीवर येतात आणि वेग नाकाने राखायचा असतो. एका वैमानिकाचा फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) बंद झाला, दुसऱ्याचा चालू राहिला. दोन्ही बंद असते तर ऑटोथ्रस्ट आपोआप वेग राखायच्या मोडमध्ये आला असता. एक चालू राहिल्यामुळे इंजिनं आयडलवरच राहिली. वेग घसरत गेला, ताकद वाढवली तेव्हा उशीर झाला होता, आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फ कोर्सवर आदळलं. १४६ पैकी ९२ जण गेले.

२५ फेब्रुवारी २००९, ॲमस्टरडॅम. टर्किश एअरलाइन्सचं बोइंग ७३७-८००, उड्डाण १९५१. विमान दोन हजार फुटांच्या आसपास असताना डाव्या बाजूचा रेडिओ अल्टिमीटर (जमिनीपासूनची उंची मोजणारं उपकरण) उंची दाखवत होता उणे ८ फूट. ऑटोथ्रॉटलने त्यावर विश्वास ठेवला आणि आता चाकं टेकणारच आहेत असं समजून इंजिनं आयडलवर नेली. पडद्यावर ‘रिटार्ड’ अशी अक्षरं उमटली होती. पण विमान तेव्हा ठरलेल्या उतरत्या मार्गाच्या वर होतं, वेग आणि उंची दोन्ही कमी करायचेच होते, त्यामुळे इंजिनं मंदावलेली कुणाला खटकली नाहीत. कॉकपिटमध्ये तीन वैमानिक होते. स्टॉलचा, म्हणजे पंख विमान उचलून धरू शकत नाहीत त्या अवस्थेचा, इशारा आला तेव्हा जमीन साधारण साडेचारशे फुटांवर होती. फर्स्ट ऑफिसरने (सहवैमानिकाने) थ्रॉटल, म्हणजे इंजिनांची ताकद वाढवायचा दांडा, पुढे ढकलला, तेवढ्यात कॅप्टनने विमान स्वतःकडे घेतलं. या देवघेवीत ऑटोथ्रॉटल चालूच राहिला आणि त्याने थ्रॉटल परत मागे खेचला. नऊ जण मृत्युमुखी पडले, त्यात तिन्ही वैमानिक.

६ जुलै २०१३, सॅन फ्रान्सिस्को. एशियानाचं बोइंग ७७७, उड्डाण २१४. स्वच्छ हवा, पण उतरताना मदत करणारी ग्लाइडस्लोप यंत्रणा त्या दिवशी बंद, म्हणजे धावपट्टीकडे बघून उतरायचं. विमान जास्त उंचीवर राहिलं म्हणून वैमानिकाने एक मोड निवडला. त्या मोडने सेट करून ठेवलेली ३,००० फुटांची उंची बघितली आणि विमान वर न्यायला सुरुवात केली. वैमानिकाने ऑटोपायलट सोडला आणि थ्रॉटल हाताने मागे ओढला. झालं, ऑटोथ्रॉटल ‘होल्ड’मध्ये गेला, म्हणजे थ्रॉटलवरचा ताबा त्याने सोडून दिला. हवा होता १३७ नॉट वेग, तो १०३ पर्यंत घसरला. विमानाची शेपूट समुद्राकाठच्या भिंतीवर आपटली. ३०७ जणांपैकी तिघं गेले. आणि इथेही एकाचा फ्लाइट डायरेक्टर बंद, दुसऱ्याचा चालू. बंगळुरूला २३ वर्षं उलटून गेल्यावर, दुसऱ्या कंपनीच्या विमानात.

आता सांगा, यात यंत्र बिघडलं कुठे? ॲमस्टरडॅमला एक सेन्सर चुकला होता, तेवढंच. बाकी यंत्राने सांगितलेलं इमानेइतबारे केलं. वैमानिक समजत होते की वेग यंत्र बघतंय, आणि यंत्राच्या लेखी तो वैमानिकाकडे होता. तिन्ही ठिकाणी वेगाचा आकडा वैमानिकांच्या डोळ्यांपुढे घसरत होता. हाताने उडवायचं कसब कमी पडलं असं म्हणावं, तर थ्रॉटल पुढे ढकलायला कसलं कसब लागतं? ढकलायची गरज आहे हे वेळेत लक्षात यावं लागतं.

तीन ऑगस्ट २०१६ चा दुबईचा अपघात याच घराण्यातला. तिरुवनंतपुरमहून आलेलं एमिरेट्सचं ७७७ धावपट्टीवर टेकलं आणि वैमानिकांनी परत वर जायचं ठरवलं. त्यासाठी थ्रॉटलवरचं गो-अराउंडचं बटण दाबलं, पण चाकं टेकल्यावर ते बटण काम करत नाही, तशी रचनाच आहे. इंजिनं आयडलवर, नाक वर, चाकं आत घेतलेली. ताकद हाताने वाढवली ती अगदी शेवटच्या क्षणी. विमानातले सगळे ३०० जण बाहेर पडले, पण आग विझवताना एक अग्निशमन जवान गेला. एरवी ते बटण दाबलं की थ्रॉटल आपोआप पुढे जातो. ‘जातो’ आणि ‘गेला’ यांच्यामध्ये नजर टाकायची सवय असावी लागते, आणि अनेक वर्षं सगळं सुरळीत चाललं की तीच सवय आधी सुटते.

सिम्युलेटरवर हे फार जवळून बघायला मिळतं. मी अप्रोचमध्ये, म्हणजे विमान उतरायला येताना, मुद्दाम ऑटोथ्रॉटल बंद करून घ्यायचो. पहिली दोनेक मिनिटं सगळे वेगाकडे डोळे लावून असतात. मग मी रेडिओवर एक साधी सूचना द्यायचो, धावपट्टी बदलली म्हणून. दोघंही खाली वाकून संगणकात टाइप करायला लागायचे. वेग दहा नॉट उतरायचा, पंधरा उतरायचा, थ्रॉटलवरचा हात तसाच निवांत. त्या हाताला इतक्या वर्षांत सवय लागलेली असते की थ्रॉटल स्वतःहून हलतो. हात चांगला असायचा हो त्यांचा, विमान रेषेत ठेवण्यात काडीचीही कसर नसायची.

मला जे दिसायचं त्याला अभ्यासाचाही आधार आहे. नासाचे स्टीफन कॅसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एअरलाइनच्या १६ वैमानिकांना ७४७-४०० च्या सिम्युलेटरमध्ये बसवून यंत्रणा एकेक करून काढून घेतल्या. हाताचं कसब आणि उपकरणांवर नजर फिरवायची पद्धत जराशी गंजलेली, पण शाबूत निघाली. ढेपाळलं ते डोक्यातलं काम: नकाशाच्या पडद्याशिवाय आपण नेमके कुठे आहोत, पुढची पायरी काय, कुठलं उपकरण खोटं बोलतंय. म्हणून ‘वैमानिकांना जास्त हाताने उडवू द्या’ या उपायावर माझा अर्धाच विश्वास आहे. हाताने उडवा, जरूर उडवा, पण त्या वेळी डोकंही जागं राहिलं तरच उपयोग.

आता एअर फ्रान्स ४४७. या विषयावर चर्चा निघाली की ती इथेच येऊन थांबते, आणि बहुतेक वेळा अर्धवट सांगितली जाते. १ जून २००९, रिओहून पॅरिसला निघालेलं ए-३३०, रात्र, अटलांटिकवर ३५,००० फूट. कॅप्टन विश्रांतीला गेलेला. बर्फाच्या कणांनी पिटो नळ्या, म्हणजे वेग मोजणाऱ्या बाहेरच्या नळ्या, तुंबल्या, वेगाचे आकडे अविश्वसनीय झाले आणि ऑटोपायलटने हात वर केले. नळ्या मोकळ्या व्हायला साधारण मिनिटभरच लागलं. त्या मिनिटात फारसं काही करायचं नव्हतं: नाक अडीच-तीन अंशांवर होतं तिथे ठेवायचं, इंजिनांची ताकद होती तशी ठेवायची, चेकलिस्ट काढायची. उजवीकडच्या वैमानिकाने साइडस्टिक (विमान वळवायची, नाक वरखाली करायची बाजूची दांडी) मागे ओढली. विमान जवळजवळ ३८,००० फुटांपर्यंत चढलं, वेग गेला, स्टॉल झाला आणि पोटावर पडत राहिलं. साडेचार मिनिटांच्या आत समुद्र. २२८ जण.

‘शिकाऊ पोरगासुद्धा स्टॉलमध्ये स्टिक मागे ओढत नाही’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना तीन गोष्टी सांगतो. पहिली, एअरबसच्या दोन साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात. शेजारचा काय करतोय ते तुमच्या हाताला जाणवत नाही आणि अंधारात दिसतही नाही. दुसरी त्याहून वाईट. वेगाचं माप ६० नॉटच्या खाली गेलं की यंत्रणा ती माहिती बाद समजायची आणि स्टॉलचा इशारा थांबायचा. म्हणजे स्टिक ओढली की इशारा बंद, पुढे केली की परत सुरू. योग्य तेच केलं तर शिक्षा. तिसरी गोष्ट बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानांमध्ये वरखाली फक्त हजार फुटांचं अंतर असतं, म्हणून तिथे उंची आपोआप राखणारी यंत्रणा लागतेच. साहजिकच त्या उंचीवर हाताने उडवायची वेळ वैमानिकावर येतच नाही, आणि तेव्हाच्या प्रशिक्षणातही स्टॉलचा सराव बहुधा कमी उंचीवरचाच असायचा. तिथली हवा विरळ, तिथे विमान फार हलक्या हाताला प्रतिसाद देतं. ज्याने ते कधी अनुभवलेलंच नाही, त्याच्या हातात ते मध्यरात्री एकदम आलं.

त्याला मी निर्दोष म्हणत नाही. पण सगळं खापर त्याच्यावर फोडून मोकळं होणं मला पटत नाही. या अपघातानंतर जगभर उंचावरचा स्टॉल आणि विमान सावरण्याचा सराव प्रशिक्षणात आला, ते बरं झालं.

प्रश्नात तुम्ही बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानाचंही नाव घेतलंत. त्याला कृपा करून या यादीत घालू नका. लायन एअर (२९ ऑक्टोबर २०१८, १८९ मृत्यू) आणि इथिओपियन (१० मार्च २०१९, १५७ मृत्यू) इथे वैमानिक यंत्रावर विसंबले नव्हते, ते यंत्राशी झुंजत होते. एमकॅस नावाची प्रणाली एकाच सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावरून नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत होती, आणि पहिल्या अपघातापर्यंत तिचा वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये उल्लेखसुद्धा नव्हता. तो दोष रचनेचा आणि ती मंजूर करणाऱ्यांचा.

मग कंपन्या हाताने उडवू का देत नाहीत? कागदावर देतात. अमेरिकेच्या एफएएने (तिथल्या हवाई वाहतूक नियामकाने) २०१३ मध्येच कंपन्यांना सूचना काढली की वैमानिकांना हाताने उडवायला प्रोत्साहन द्या. पण प्रत्येक उड्डाणाचा डेटा नंतर तपासला जातो. ऑटोपायलट लावला तर आलेख सरळ, हाताने उडवलं तर थोडा वाकडा, आणि वाकड्या आलेखाबद्दल फोन येऊ शकतो. अशात थकलेला वैमानिक कशाला विकतचं दुखणं घेईल? शिवाय लांब पल्ल्याच्या विमानात तीन-चार वैमानिक असतात आणि लँडिंग एकच असतं. ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगची अट पुरी करायला काही जणांना सिम्युलेटर गाठावा लागतो.

चांगल्या कंपन्यांत एक साधी शिस्त पाळतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे. मोड बदलला की पडद्यावर आलेली नवी अक्षरं मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती बघून ‘चेक्ड’ म्हणायचं. आणि यंत्र अनपेक्षित काही करायला लागलं तर नवीन बटणं दाबत बसायचं नाही, ऑटोमेशनचा एकेक थर काढत हाताने उडवण्यापर्यंत खाली यायचं. कंटाळवाणं काम आहे, दहाव्या दिवशी माणूस तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागतो.

एकच वैमानिक ठेवण्याबद्दल. डोकी जास्त म्हणजे सुरक्षा जास्त असं सरळ गणित नाही. ॲमस्टरडॅमला तिघं होते आणि तिघंही लँडिंगच्या चेकलिस्टमध्ये गुंतलेले होते. पण उलटं उदाहरणही आहे. लायन एअरचं तेच विमान पडण्याच्या आदल्या दिवशी, २८ ऑक्टोबरला, देनपसारहून जकार्ताला गेलं होतं. तोच सेन्सर, तोच एमकॅस, तसंच नाक खाली दाबणं. त्या उड्डाणात जम्पसीटवर, म्हणजे कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर, तिसरा वैमानिक बसला होता. हातात काही काम नाही, त्यामुळे काय चाललंय ते बघायला मोकळा. त्या क्रूने ट्रिमचे, म्हणजे एमकॅस ज्यातून नाक दाबत होता त्या विजेवरच्या यंत्रणेचे, स्विच बंद केले, बाकीचा प्रवास ट्रिमचं चाक हाताने फिरवत केला आणि विमान जकार्ताला सुखरूप उतरवलं. एकाच वैमानिकाचा प्रस्ताव मांडणाऱ्यांनी मला एवढंच सांगावं, की तो मोकळा माणूस त्यांच्या कॉकपिटमध्ये कुठे बसणार आहे.