साताऱ्यात उताराच्या प्लॉटवर फुकट मिळणारी काळी माती भरून, दाबून घर बांधता येईल का?

नको, घराखाली काळी माती भरू नका, मुरूम घ्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि रोलर कितीही फिरवला तरी तिचा हा गुण जात नाही. फुकटची माती पुढे फरशी उखडून पैसे वसूल करते. आधी गवत-मुळांची वरची माती काढा आणि उतारात पायऱ्या खणा, नाहीतर भराव घसरतो. मग मुरमाचे ६ ते ८ इंचांचे थर, प्रत्येक थराला बेताचं पाणी आणि रोलर. खालच्या अंगाला पाणी निघायला भोकं असलेली भिंत हवीच. एवढं करूनही पाया भरावावर ठेवू नका, मूळच्या कठीण जमिनीपर्यंत न्या. नुसतं शेत सपाट करायचं असेल तर काळी माती चालेल, फक्त दाबू नका.