फ्लेक्स उतरल्यावर

प्रिय लेकरा,

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला आला. 'मला टॉपचंच कॉलेज पाहिजे, नाहीतर ड्रॉप घेते.' लगेच उत्तर दिलं असतं तर तुला रागावले असते, आणि इंजिनिअरिंगच्या सीईटीला सत्त्याण्णव पर्सेंटाईल काढलेल्या पोरीला रागावायचं नसतं. (तुझी आजी फोनवर 'सत्त्याण्णव टक्के' म्हणत होती. मी दुरुस्त केलं नाही. शंभरातली सत्त्याण्णव पोरं मागं राहिली असं सांगितलं असतं तर तिनं पुन्हा पेढे आणले असते.)

परवा बोलताना तू तीन कारणं सांगितलीस. प्लेसमेंट, चांगली संगत आणि 'काकूला दाखवायचंय'. तिसरं तू हसून सांगितलंस, पण माझ्या मते तेच पहिलं आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी 1984 साली उदगीरहून पुण्याला गेले ती चुलतभावाच्या नाकावर टिच्चून. त्याला औरंगाबादला जागा मिळाली होती आणि आजोबा म्हणाले होते, 'पोरीला डीएड करा.' इंजिनिअर दिवसभर नेमकं काय करतो हे मला सांगता आलं नसतं. जागा मिळाली, आजोबांनीच गावभर पेढे वाटले, चुलतभाऊ एसटी स्टँडवर माझी ट्रंक टपावर चढवायला आला आणि त्या भांडणात काही उरलंच नाही. पुढं चार वर्षं मात्र उरली होती. रात्री ड्रॉइंग शीटवर पेन्सिल धरून बसले की आपण इथं कशाला आलो हेच आठवायचं नाही. पहिल्याच वर्षी गणितात एटीकेटी लागली.

तुमच्या चौकात जूनमध्ये निकालाचे फ्लेक्स लागतात ना, ते गणपतीपर्यंत टिकतात. मग त्याच बांबूंवर मंडळाचा फ्लेक्स चढतो. काकूचंही तेवढंच धर.

प्लेसमेंटबद्दल तू जरा चोरट्या आवाजात बोललीस, जणू शिक्षणाचा अपमान करतेयस. अगं, पुण्याचं सीओईपी, म्हणजे तिथलं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज, 1854 साली निघालं तेच मुळी सरकारी बांधकामांवर कामाला माणसं हवीत म्हणून. विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानाच्या मदतीवर तिथं शिकायला आले, 1883 साली परीक्षा पास झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यानंतरचे. वडील गेलेल्या घरातला मुलगा नोकरीच्या आशेनं शिकला, यात कमीपणा कसला? तेव्हा पगार पाहिजे असेल तर सरळ म्हण. फक्त त्या कॉलेजच्या जाहिरातीतलं सगळ्यात मोठं पॅकेज बघू नकोस, ते एखाद्याचं असतं. तुला मिळू शकणाऱ्या ब्रँचमधल्या मधल्या पोराला काय मिळालं, आणि किती जणांना काहीच मिळालं नाही, ते विचार. कॉलेजनं नाही सांगितलं तर तिसऱ्या वर्षाची पोरं सांगतील.

संगतीचं कारण तू घाईत उरकलंस. मला त्याच्यावरच बोलायचंय.

तिसऱ्या वर्षी माझ्या रूममेटनं कपडे वाळत घालता घालता विचारलं, 'तू गेट देणार ना?' गेट म्हणजे एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा. तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. तिचे वडील सांगलीत इंजिनिअर होते. तिच्या घरी या गोष्टी जेवताना निघायच्या. आमच्या घरी जेवताना पाऊस आणि सोसायटीचं कर्ज निघायचं. कुणी मला अडवलं नव्हतं, पण कुणी विचारलंही नव्हतं. पुढं माझं एमटेक झालं ते त्या कपडे वाळत घालण्यातून. शिक्षक चांगले होते, तसे ते इतरही ठिकाणी असतात. कपडे वाळत घालताना असं विचारणारी पोरगी मात्र मला उदगीरला भेटली नसती.

हे माझ्या एकटीचं रडगाणं समजू नकोस. अमेरिकेत स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघा संशोधकांनी 1976 साली कॉलेजात गेलेल्या मुलांची पुढची कमाई तपासली आणि 2002 साली छापली. नामवंत कॉलेजात गेलेली मुलं, आणि तितकीच हुशार असून साध्या कॉलेजात गेलेली मुलं, यांच्या कमाईत त्यांना फारसा फरक दिसला नाही. गरीब घरांतल्या मुलांना मात्र नामवंत कॉलेजचा फायदा झालेला दिसला. तिथलं सगळं इथं लागू करू नये, पण हे वाचल्यावर मला माझी रूममेट आठवली. तुझ्या काकूच्या मुलाला कोणतंही कॉलेज चालेल. त्याला विचारणारी माणसं घरातच आहेत. तुझ्या घरातून इंजिनिअरिंगला जाणारी तू पहिली. म्हणून तुझा हट्ट मला पटतो, फक्त त्यामागचं कारण तेवढं बदल.

आता ब्रँच. सत्त्याण्णवला नावाजलेल्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर मिळत नाही, हे तुला क्लासवाल्यांनी सांगितलं असेलच. मेटलर्जी, सिव्हिल असं काही हाताला लागू शकतं. मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजला टेक्सटाईल आहे, कारण 1887 साली ते निघालं तेव्हा मुंबईत गिरण्या होत्या. गिरण्या गेल्या, ब्रँच राहिली, आणि तिथं जाणाऱ्या कितीतरी पोरांना सूत नको असतं, नाव पाहिजे असतं. माझं मत विचारशील तर चारही वर्षांचा सिलॅबस उतरवून घे आणि दुसऱ्या वर्षाचे विषय वाच. झोप आली तरी चालेल, मळमळ होता कामा नये. विषय सोसवत असेल तर कॉलेज वर ठेव. पण दहावीपासून तू रात्री बसून कोडिंग करतेस, ते खरंच आवडीचं असेल तर जरा खालच्या कॉलेजातलं कॉम्प्युटर घे आणि संगत बाहेर शोध. ते जास्त कष्टाचं पडतं, एवढं लक्षात ठेव. प्लेसमेंटला काही कंपन्या सगळ्या ब्रँचना बसू देतात, काही देत नाहीत. तेही तिसऱ्या वर्षाच्या पोरांना विचार.

बाबांना फीची धास्ती आहे. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची शिक्षण फी राज्य सरकार भरतं, कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश घेतला तर खासगी कॉलेजातही. म्हणजे तुमच्यापुढं प्रश्न उरतो तो हॉस्टेल आणि मेसचा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर आत्ताच काढा, तहसीलला जुलैत रांगा लागतात.

ड्रॉपचं म्हणशील तर फिजिक्सचे चार धडे खरंच राहिले असतील तर घे, मी बाबांशी बोलेन. काकूसाठी वर्ष घालवू नकोस.

आणि ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी पसंतीच्या कॉलेजांची यादी मला पाठव. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीची वाट बघता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत काय लिहितेस ते मला बघायचंय. रविवारी दुपारी फोन कर, चारनंतर. तेव्हा मी जागी असते.

तुझी,
मावशी