'द शायनिंग' आधी वाचावी की आधी पाहावी?

भुसावळच्या आमच्या वाचकमित्रांत हा प्रश्न दर उन्हाळ्यात निघतो. माझे उत्तर स्पष्ट आहे: स्टीफन किंग यांची 1977 ची कादंबरी आधी वाचावी आणि स्टॅन्ली कुब्रिक यांचा 1980 चा चित्रपट नंतर पाहावा.

कादंबरीचा नायक जॅक हा मुलावर जीव असलेला, दारूपासून सुटू पाहणारा बाप आहे आणि हिवाळ्यात बंद असलेल्या एका निर्जन हॉटेलची राखण करताना तो हळूहळू ढासळतो, म्हणूनच वाचताना भीतीपेक्षा हळहळ अधिक वाटते. चित्रपटात मात्र ही भूमिका करणारे अभिनेते जॅक निकोल्सन पहिल्या प्रसंगापासूनच अस्वस्थ करणारे वाटतात. किंग यांची मुख्य तक्रारही हीच होती. शेवटही वेगळा आहे. पुस्तकात हॉटेलच्या तळघरातल्या जुन्या बॉयलरचा दाब सतत वाढत राहतो आणि अखेर स्फोटात सारे हॉटेल नष्ट होते, तर पडद्यावर जॅक बर्फात गोठून मरतो. दीपनगरच्या वीजकेंद्राजवळ वाढल्यामुळे असेल, पण बॉयलरची ती धास्ती मला कुठल्याही भुतापेक्षा खरी वाटली.

तरीही चित्रपट कमी प्रतीचा मुळीच नाही. रिकाम्या मार्गिकांतून तीनचाकी सायकल चालवणाऱ्या डॅनीच्या, म्हणजे जॅकच्या मुलाच्या, मागे सरकणारा कॅमेरा आणि गालिच्यावर चाक येताच थांबणारा आवाज, हा परिणाम शब्दांना साधता आला नसता. किंग यांनी स्वतः पटकथा लिहिलेली 1997 ची मालिका कादंबरीशी अधिक प्रामाणिक आहे, पण मला ती तितकी भिडली नाही.